पायऱ्या मोजण्याची खोड माझ्याबद्दल काही सांगते का?

अर्धविराम

जिना दिसला की मी पायऱ्या मोजते. मनातल्या मनात, ओठ न हलवता. जिना रोजचा असो की पहिल्यांदाच चढत असेन, बरोबर कुणी असो वा नसो. सोबतचं माणूस काही सांगत असलं तर वरवर ‘हो ना, हो ना’ चालू असतं आणि आत सात, आठ, नऊ. वर पोचले की आकडा विसरते. त्याचं मला काही करायचं नसतंच.

याला नियमही आहेत, ते कधी आणि कुणी केले ते देव जाणे. मधलं लँडिंग मोजायचं नाही, पण ते इतकं अरुंद असेल की एकच पाऊल मावतंय, तर मोजायचं. दोन पायऱ्या एकदम चढले तर दोन धरायच्या. सरकता जिना बाद, कारण तिथे मोजायचं काय, पायऱ्या की पावलं, हे ठरत नाही. मध्येच कुणी ‘वाजले किती?’ विचारून घोळ घातला तर मी अंदाजाने बारा धरते आणि तेरापासून पुढे जाते.

आता मुद्दा. ज्यांना ज्यांना हे कळलंय त्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो: ‘म्हणजे तू भयंकर व्यवस्थित असणार.’ आमच्या घरात एक खुर्ची आहे, तिच्यावर कुणी बसल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. धुवायला टाकण्याइतके मळलेले नाहीत आणि कपाटात ठेवण्याइतके स्वच्छ नाहीत, असे माझे सगळे कपडे तिच्यावर नांदतात. बिलं शेवटच्या दिवशी भरते. पेनाचं टोपण आणि पेन यांची माझ्याकडे कायमची ताटातूट असते. मग व्यवस्थितपणा आला कुठून?

तर तुमच्या अशा खोडी सांगा, आणि लोक त्यावरून तुमच्याबद्दल काय समजतात तेही. अट एकच: खोड बिनकामाची हवी. कुलूप ओढून बघणं वगैरे नको, त्याला कारण असतं.

कोरडा_ठाक

+१००. वाटलं होतं जगात एकटाच आहे.

मी अक्षरं मोजतो. कुणी वाक्य बोललं, पाटी दिसली, बातमीचा मथळा दिसला, की अंगठ्यापासून सुरू करून एकेका बोटाने मांडीवर एकेक अक्षर. वाक्य करंगळीवर संपलं तर जीव थंड. नाही संपलं तर त्यात मनातल्या मनात एखादा ‘च’ किंवा ‘तर’ घुसवायचा. जोडाक्षर एक धरतो. अनुस्वाराला वेगळं बोट नाही. काना-मात्रांबद्दल सुरुवातीला गोंधळ होता, मग घटनादुरुस्ती केली.

लोकांना यातलं काही कळत नाही. त्यांना फक्त बोटं हलताना दिसतात आणि ते म्हणतात, ‘तू फार टेन्शन घेतोस.’ टेन्शन तेव्हा नसतंच! कंटाळा आला की बोटं चालतात. खरं टेन्शन असतं तेव्हा हात गपगार.

अवांतर: तुमच्या धाग्याच्या शीर्षकातला ‘का’ करंगळीवर येतो. आभारी आहे.

सावळा_गोंधळ

पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचतो. लोक म्हणतात धीर नाही. असेल. मला शेवट माहीत झाला की मधलं सावकाश वाचता येतं, इतकंच.

अर्धविराम

@कोरडा_ठाक, हसून हसून पुरेवाट. शीर्षक मी मोजलं नव्हतं, शपथ.

पण तुमचा शेवटचा मुद्दा मोठा आहे. बघणारा ‘टेन्शन’ म्हणतो आणि आत कंटाळा असतो. म्हणजे खोडीचा अर्थ नुसता चुकत नाही, उलटा लागतो.

नस्ती_उठाठेव

मोजणाऱ्यांची परंपरा मोठी आहे, ताई, लाजू नका. विजेवर काम करणाऱ्या संशोधक निकोला टेस्लाने 1919 मध्ये छापलेल्या आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवलंय की तो चालताना पावलं मोजायचा. जेवायला बसला की वाडग्यांचं, कपांचं आणि घासाचंसुद्धा घनफळ काढायचा, त्याशिवाय अन्न गोड लागत नसे. पुन्हापुन्हा करायच्या कुठल्याही कृतीची संख्या तीनने भागली जायला हवी. हुकली तर सगळं पहिल्यापासून, मग तासन्‌तास गेले तरी बेहत्तर.

दुसरे सॅम्युअल जॉन्सन, इंग्रजीचा तो प्रचंड शब्दकोश 1755 साली काढणारे. त्यांचं चरित्र त्यांचा मित्र बॉस्वेलने 1791 मध्ये छापलं, त्यात वर्णन आहे: दारातून आतबाहेर करताना ठरावीक जागेपासून ठरावीक पावलं पडायला हवीत. चालता चालता मध्येच थांबून गंभीरपणे पावलं मोजल्यासारखं करायचे. चुकलं की मागे यायचं, नीट उभं राहायचं, पुन्हा सुरुवात. जमलं की काही घडलंच नाही अशा थाटात झपाझप पुढे जाऊन सोबत्याला गाठायचं.

तेव्हा तुम्ही थोरामोठ्यांच्या पंगतीत आहात.

तिरकस

थोर लोक मोजायचे, मी मोजतो, म्हणून मीही... हे वाक्य पुरं करायची कुणाला हौस असेल तर करा बापडे. :) हलके घ्या.

पण गंभीरपणे एक सांगतो. खोडीवरून माणूस ओळखणं हा हात बघण्यातलाच प्रकार आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने 1948 मध्ये वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून कागद दिला. किती बरोबर आहे ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हणाला. सरासरी 4.26. कागद सगळ्यांचा एकच होता आणि त्यातली वाक्यं बरीचशी भविष्याच्या पुस्तकातून उचललेली.

आता हेच इथे बघा. ‘तुम्ही पायऱ्या मोजता, म्हणजे बाहेरून बेफिकीर दिसत असलात तरी आतून तुम्हाला नियंत्रण हवं असतं.’ पटलं ना? कुणालाही पटेल. पायऱ्या न मोजणाऱ्यालाही पटेल. शितावरून भाताची परीक्षा जमते, कारण सगळी शितं एकाच आधणातली असतात. माणसाच्या सवयींचं तसं नसतं, एक कुठून तरी आजोबांकडून आलेली, एक शाळेत चिकटलेली, एक उगाच.

दुर्बीण

@तिरकस, फोररबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. खूण आणि माणूस यांचा संबंधच नसतो असं नाही. सॅम गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये एक गंमत केली होती: अनोळखी लोकांना कुणाच्या तरी झोपायच्या खोल्या आणि ऑफिसं नुसती बघायला दिली, माणूस दाखवला नाही. त्यावरून राहणारा नव्या कल्पनांना किती मोकळा आहे, किती काटेकोर आहे, याचे त्यांचे अंदाज बऱ्यापैकी जुळले. खोली बोलते, कारण तिच्यात रोजच्या वागण्याचा गाळ साचत जातो. पायऱ्या मोजून काय साचतं? जिना होता तसाच राहतो. तेव्हा अर्धविराम यांना ओळखायचं असेल तर खुर्ची बघावी, मोजणं नव्हे.

मोजण्यावरून मला आठवतो इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन. त्याच्यावर वेगळा धागा व्हावा इतका तो माणूस मोजण्याने झपाटलेला. 1885 मध्ये त्याने ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात चुळबुळीचं मोजमाप यावर छोटासा लेख लिहिला. कुठल्याशा कंटाळवाण्या निबंधवाचनाला बसला होता, करमेना, तर श्रोत्यांच्या एका गटाची चुळबुळ मोजायला लागला. साधारण माणशी मिनिटाला एक. वक्त्याने लक्ष वेधून घेतलं की निम्म्याहून खाली. घड्याळात बघितलं तर लोकांचं लक्ष जाईल, म्हणून वेळ स्वतःच्या श्वासावर धरला, मिनिटाला पंधरा श्वास. आणि @कोरडा_ठाक, हे खास तुमच्यासाठी: श्वास त्याने मनात मोजले नाहीत, एकेक बोट दाबत मोजले, कारण मनातली मोजणी चुळबुळीसाठी राखीव होती.

वर त्याने एक टीप दिलीय की निरीक्षण मध्यमवयीनांवरच करावं. मुलं कधी स्थिर नसतात आणि म्हातारे तत्त्वज्ञ कधी कधी मिनिटंच्या मिनिटं हलत नाहीत.

कोरडा_ठाक

बोटं दाबून!! आज झोप लागणार नाही.

नस्ती_उठाठेव

हाच तो गाल्टन ना, माणसांची पैदास निवडून करावी म्हणणारा? ‘युजेनिक्स’ हे नाव त्यानेच दिलं, 1883 मध्ये. पुढे त्या नावाखाली जगभर काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोजण्याची खोड निरुपद्रवी असते असं सरसकट म्हणवत नाही मग.

दुर्बीण

हो, तोच. म्हणूनच तिघं शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. तिघंही मोजणारे. पण एक विजेच्या मागे लागलेला एकांडा, दुसरा माणसांशिवाय आणि गप्पांशिवाय न राहवणारा, तिसरा माणसांना रकान्यांत बसवणारा. खोड एक, माणसं तीन. ‘मोजतो’ एवढ्यावरून काहीच सांगता आलं नसतं, इथे तिरकस बरोबर आहेत.

मला फरक दिसतो तो मोजणी बिघडल्यावर. टेस्ला सगळं पहिल्यापासून करतो. जॉन्सन मागे येऊन पुन्हा सुरू करतो, पण मग मोकळा होऊन मित्राला गाठतो. गाल्टन बिघडूच नये म्हणून बोटांची सोय करून ठेवतो.

आणि अर्धविराम? त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगून टाकलंय, कुणाच्या लक्षात आलं नाही बहुतेक. त्या बारा धरतात आणि तेरापासून पुढे जातात. मला हे भारी वाटलं. ज्या मोजणीचा काही उपयोग नाही तिच्यातही खोटा आकडा चालवून घ्यायचा, पण मोजणी सोडायची नाही!

निनावी_पक्षी

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो. धागा छान चाललाय, विरस करायचा नाही, पण ‘बिघडली की पहिल्यापासून’ हे वाचून राहवलं नाही.

मी पहिल्यापासून करणाऱ्यांतला आहे. शेगडीची बटणं. बंद आहेत हे बघायचं, हात लावून बघायचं, मग नजर हटली की खात्री जायची. जिना उतरून पुन्हा वर. ओसीडीचं, म्हणजे नको ते विचार मनात घुसण्याच्या आणि तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागण्याच्या आजाराचं, निदान झालेलं आहे, उपचार चालू आहेत, आता खूप बरा आहे. त्यामुळे कुणी कौतुकाने ‘मला पण थोडंसं ओसीडी आहे बरं का, मला पुस्तकं सरळ रांगेत लागतात’ असं म्हटलं की मी विषय बदलतो.

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं हे मान्य. रॅकमन आणि डिसिल्व्हा यांनी 1978 मध्ये कुठलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं तेव्हा सुमारे 80 टक्के लोकांनी मनात नको ते विचार घुसतात असं सांगितलं होतं. विचार सगळ्यांनाच येतात. निदानासाठी बघतात ते हे की दिवसाचा किती वेळ त्यात जातो (2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, तासाहून जास्त असं उदाहरण दिलंय), त्रास किती होतो आणि कामधंद्यात, घरात किती आडवं येतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी 2003 मध्ये निरोगी लोकांकडून संगणकाच्या पडद्यावरची शेगडी पुन्हापुन्हा तपासून घेतली. त्यांना कुठली बटणं तपासली हे बरोबर आठवत होतं. पण आठवण फिकी झाली, बारकावे गेले, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा घसरला. म्हणजे भरवसा नाही म्हणून तपासावं, तर तपासण्यानेच भरवसा जातो. हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की दोष माझ्या स्वभावात नाही, या यंत्रणेत आहे. निष्काळजी आहे म्हणून तपासत नव्हतो, आणि फार जबाबदार आहे म्हणूनही नाही.

उपचारात मला शिकवलं ते साधारण अर्धविराम करतात तेच आहे: खात्री नसताना पुढे जायचं. मला ते महिनोन्‌महिने सराव करून जमलं. त्या उगाचच करतात. हेवा वाटला.

अर्धविराम

@निनावी_पक्षी, लिहिलंत ते फार बरं झालं. कुलूप ओढून बघणं मी ‘कारण असतं’ म्हणून झटकलं होतं, त्या झटकण्यात किती काय झाकलं जातं ते कळलं. तुम्ही बरे आहात हे वाचून आनंद झाला.

तिरकस

@निनावी_पक्षी यांच्या पोस्टनंतर माझा आधीचा प्रतिसाद जरा चुरचुरीत वाटतोय, पण मुद्दा त्यांनीच पक्का केला. यंत्रणेला स्वभाव समजणं ही मूळ गफलत.

दुर्बीणताईंच्या ‘बिघडल्यावर काय करता’ कसोटीबद्दल मात्र शंका आहे. तेही त्या दिवसावर अवलंबून नाही का? झोप झालेली असेल तर बारा धरेन, नसेल तर ‘वाजले किती’ विचारणाऱ्यालाच धरेन.

दुर्बीण

एका दिवसावर असतं, वर्षानुवर्षांवर नसतं. आणि ते ठरवायला आपण स्वतः योग्य माणूस नसू कदाचित. सिमीन वझीर यांचं 2010 चं संशोधन आहे: स्वतःला किती चिंता वाटते, हे माणसाला स्वतःला जास्त नीट कळतं, पण जिथे चांगलं-वाईट ठरवण्याचा प्रश्न येतो, उदाहरणार्थ हुशारी, तिथे मित्र जास्त बरोबर असतात. आपल्याबाबतीत आपण वकील होतो. तेव्हा घरच्यांना विचारा.

पायताण_सम्राट

विचारलं. पश्चात्ताप होतोय.

माझी खोड अशी की दाराशी काढलेल्या चपला-बुटांची टोकं बाहेरच्या दिशेला हवीत आणि दोन्हींत एक बोट अंतर. सगळ्यांच्या, माझ्या एकट्याच्या नाहीत. पाहुणे आत बसले की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून त्यांच्याही लावून येतो. मला वाटायचं, सौंदर्यदृष्टी.

बायकोला विचारलं, ‘यावरून मी कसा माणूस वाटतो?’ तिने भाजी निवडता निवडता, वर न बघता सांगितलं: ‘तुला त्या छान दिसायला नको असतात. कोण आलं, कोण गेलं आणि कुणी हलवल्या, ते तुला विचारावं न लागता कळायला हवं असतं.’

मग दोन जुन्या प्रसंगांचे दाखले. तारखांसकट. ते इथे देत नाही. मी गेली कित्येक वर्षं घरात ‘मला कुणाच्या भानगडीत पडायचं नसतं’ असं सांगत आलोय.

सावळा_गोंधळ

=)) =)) वहिनींना आयडी काढून द्या.

मीही विचारलं. बहीण म्हणाली, ‘शेवट आधी वाचतोस कारण कुणी मरणार असेल तर तुला आधी सांगून ठेवलेलं लागतं. कुत्रा आजारी होता तेव्हाही तू डॉक्टरला पहिला प्रश्न तोच विचारला होतास.’ मला धीराचं कारण जास्त आवडत होतं.

मंद_वारा

मोजणीच्या बाजूने एक साक्ष. आईची नजर अधू झाल्यापासून तीही पायऱ्या मोजते. वर पोचल्यावर अजून एक पायरी आहे समजून हवेत पाय टाकला की सबंध अंगाला जो हिसका बसतो तो तिला नको असतो. बिनकामाची खोड नाही ही, त्यामुळे धाग्यात बसत नाही, तरी लिहिलं. तिचे आकडे सगळे पाठ आहेत आणि अंदाजाने बारा धरणाऱ्यांबद्दल तिचं मत मी विचारणार नाही.

कोरडा_ठाक

मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, ‘तुझी बोटं चालू झाली की मला कळतं माझं बोलणं लांबलंय. मग मी आवरतं घेतो.’ इतकी वर्षं हा माणूस माझ्या बोटांकडे बघून बोलतोय! गाल्टनचा वक्ता माझ्या ओळखीचा निघाला.

आता प्रश्न असा की त्याला कळतंय हे मला कळल्यावर बोटं मोकळेपणी चालवता येतील का. काल भेटलो, हात खिशात ठेवले. त्याने अर्धा तास ऑफिसचं राजकारण ऐकवलं.

अर्धविराम

मीही नवऱ्याला विचारलं. तो पायऱ्यांवर काही बोललाच नाही, त्याला ते माहीतच नव्हतं. बारा धरण्याचं सांगितल्यावर मात्र हसायला लागला. म्हणाला, ‘तू सगळंच असं करतेस. स्वेटर विणताना टाके सुटले तर उसवत नाहीस, पुढच्या ओळीत दोन वाढवून टाकतेस. भांडणात मुद्दा हरवला की दुसरा घेऊन तिथूनच पुढे.’ मी म्हटलं, हे चांगलं की वाईट? तर म्हणे, ‘स्वेटर अंगात जातो. भांडणाचं विचारू नकोस.’

तिरकस, हे फोररच्या कागदातलं वाक्य नाही वाटत मला. त्या खुर्चीवरच तो स्वेटर पडलाय, डावी बाही किंचित रुंद.

तिरकस

नाही, हे त्या कागदात नव्हतं. मानलं.

तरी एक राहिलंच. सगळे चढण्याबद्दल बोलतायत. उतरताना मोजता का?

अर्धविराम

नाही! उतरताना कधीच नाही. आणि आता कृपया कुणी याचा अर्थ लावू नका.

पायताण_सम्राट

बायको म्हणतेय तिला माहीत आहे. सांगू?